मुकादम ते मनुष्यबळ अधिकारी

पदवीची परीक्षा आटोपली की घराघरांतून 'आता पुढे काय?' हा प्रश्न निघतो. पूर्वी ह्या प्रश्नाला दोन-तीनच ठरलेली उत्तरे असत. अलीकडे त्यांच्या जोडीला एक नवे उत्तर आले आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "आम्ही एच. आर. करणार." मुर्रीसारख्या, गोंदिया शहराला लागून असलेल्या गावातल्या आईबापांना हा शब्द ऐकून माहीत असतो; पण त्या कामाचे नेमके स्वरूप विचारले तर उत्तर चटकन देता येत नाही. कोणी म्हणतो, ते नोकऱ्या देणारे खाते. कोणी म्हणतो, ते नोकरीवरून काढणारे खाते. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत. अर्ध्या सत्यावर मुलांचे आयुष्य बेतणे बरे नव्हे, म्हणून ह्या व्यवसायाचा इतिहास थोडा उलगडून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

रोग आहे म्हणून वैद्य आहे, तंटा आहे म्हणून वकील आहे. मग हा मनुष्यबळ अधिकारी कशातून निर्माण झाला? आमचे उत्तर असे की, तो हजेरीपटातून निर्माण झाला. ज्या वहीत कामकऱ्याचे नाव लिहिले जाते, ती वही कोणाच्या हाती असावी आणि तीत कोणाचे नाव यावे, ह्या प्रश्नाभोवतीच दीडशे वर्षांहून अधिक काळ हा सारा इतिहास फिरत आला आहे. आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच भागातल्या धंद्यात, बिडीच्या धंद्यात, घडला आहे.

मुकादमाचे राज्य

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी उभी केली. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची संख्या भराभर वाढली. एकेका गिरणीला हजार-दोन हजार माणसे लागू लागली. ही माणसे आणावयाची कोठून? मालक पेढीवर बसणारा, व्यवस्थापक बहुधा परदेशी किंवा परभाषी, आणि कामकरी रत्नागिरी-साताऱ्याकडचा कुणबी. ह्या दोघांमध्ये बोलणे होण्याची सोयच नव्हती. ती सोय करणारा जो माणूस मध्ये उभा राहिला, तो मुकादम. गिरणीच्या भाषेत जॉबर. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करीत असे.

मुकादमाच्या हाती काय नव्हते? माणूस कामावर घ्यावयाचा तो त्याने. कामावरून काढावयाचा तोही त्यानेच. रजा तो देई, बढतीची शिफारस तो करी, यंत्र बिघडले तर दुरुस्तीही तोच पाही. पहाटे गिरणीच्या दाराशी बदलीची आशा धरून उभ्या असलेल्या माणसांतून आज कोणाला आत घ्यावयाचे, हे त्याच्या बोटावर असे. साहजिकच त्या बोटाला किंमत आली. कामावर लागताना दस्तुरी, रजेवरून परतताना दस्तुरी, हे रूढच होऊन गेले.

तथापि मुकादमाला केवळ खलपुरुष ठरविणे न्यायाचे होणार नाही. गावाकडून आलेल्या पोरसवदा माणसाला चाळीतली खोली, वाण्याकडची उधारी आणि अडीअडचणीचे कर्ज ह्यांसाठी मुकादमाचाच आधार असे. पुष्कळदा तो त्याच गावचा, त्याच भावकीतला असे. परक्या शहरात ओळखीचा एक चेहरा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु जी ओळख आपल्या माणसाला आत घेते, तीच ओळख दुसऱ्याला दाराबाहेर ठेवते. मुंबईच्या गिरण्यांतील विणाई खाते हे ह्याचे ठळक उदाहरण होय. तेथे मजुरी चांगली. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला. भरती ओळखीने होऊ लागली म्हणजे ती जातीने होऊ लागते, ही गोष्ट त्यातून सर्वांसमोर आली.

दोन वाटा

ह्या व्यवस्थेला छेद देण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक वाट कामगारांच्या बाजूने निघाली. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. गिरणीत भांडारपालाचे काम केलेले असल्यामुळे आतले जग त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाचे आश्चर्य वाटते. आठवड्याला एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडणे, आणि कामावर जायबंदी झाल्यास काही मदत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी निवांत चहा घेतो, त्यामागे ही सभा आहे.

दुसरी वाट मालकांच्या बाजूने, आणि तीही आपल्या विदर्भातून निघाली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. व्यवस्थापक म्हणून त्यांनी नेमले बेझनजी दादाभाई मेहता यांना. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले. कापडधंद्याची माहिती त्यांना नव्हती, पण माणसे सांभाळण्याची हातोटी होती. सुरुवातीला ह्या गिरणीत रोजची गैरहजेरी फार मोठी असे. नुसता दंड करून माणसे कामावर येईनात. तेव्हा चालकांनी दुसरा विचार केला. गिरणीत खेळती हवा आणि आर्द्रता राखण्याची सोय करण्यात आली. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला. १८९५ साली अपघाताची नुकसानभरपाई सुरू झाली. पुढे भविष्यनिर्वाह निधीही आला. त्या काळी ह्यांपैकी कोणतीही गोष्ट कायद्याने बंधनकारक नव्हती. माणूस टिकला तर काम टिकते, हा हिशेब त्यामागे होता. तो हिशेब होता म्हणून त्याची योग्यता कमी होत नाही. ती गिरणी आता राहिलेली नाही. पण विदर्भात हा विचार प्रथम रुजविला तो तिने.

ह्या दोन वाटा कोठे तरी एकत्र येणे भागच होते. लोखंडे यांची वाट हक्काची, टाटांची वाट व्यवस्थेची. हक्क मागणारा आणि व्यवस्था लावणारा ह्यांच्या मध्ये जो अधिकारी पुढे उभा राहिला, त्याच्या अंगी ह्या दोन्ही वाटांचा वारसा आला. त्याची आजवरची ओढाताणही तेथूनच सुरू झाली.

मुकादमाच्या हातून वही काढली

इंग्लंडात रौंट्री यांच्यासारख्या कारखानदारांनी ह्या शतकाच्या आधीच्या शतकारंभी कारखान्यात कल्याण-सेवक नेमण्यास आरंभ केला होता. १९१३ साली यॉर्क येथे अशा सेवकांची संघटनाही स्थापन झाली. हिंदुस्थानात मात्र हा विचार संपांच्या रेट्याने आला. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या आणि दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. पुढल्याच वर्षी सरकारने जॉन हेन्री व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला. त्यात कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी हेही सभासद होते.

१९३१ साली ह्या आयोगाचा अहवाल आला. मुकादमाची सत्ता मोडल्याशिवाय कारखान्यात न्याय नांदणार नाही, असे त्याचे मत पडले. त्याने उपाय सुचविला तो असा की, प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक मजूर अधिकारी असावा. तो फक्त मुख्य व्यवस्थापकाला जबाबदार असावा. त्याच्या हातूनच प्रत्येक माणसाची भरती व्हावी. आणि त्याला विचारल्यावाचून कोणालाही बडतर्फ करू नये. मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या आजच्या पदाचा जन्म हिंदुस्थानापुरता ह्या शिफारशीत शोधावा लागतो. माणसाला कामावर घेणे ही कोणा एकाची मेहेरबानी असू नये, ती एका नियमाप्रमाणे व्हावी, असा तिचा आशय होता.

शिफारस झाली तरी अंमल सावकाशच झाला. १९३४ च्या कायद्याने मुंबई सरकारने कामगारांच्या तक्रारींसाठी आपला मजूर अधिकारी नेमला. गिरणीमालकांच्या संघानेही आपला नेमला. १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत मुंबईत आली. गिरणीच्या दाराशी कोण उभा राहणार हे आता कागदावर ठरू लागले. मुकादम एका दिवसात नाहीसा झाला नाही. पण वहीवरची त्याची पकड ढिली झाली.

नवे पद आले म्हणजे त्याचे शिक्षण देणारी शाळाही लागते. १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. हीच संस्था १९४४ पासून 'टाटा सामाजिक विज्ञान संस्था' ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४७ साली मुंबई सरकारने लेबर इन्स्टिट्यूट काढली. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आहे, हे फार उचित झाले. १९४९ साली जमशेदपुरात झेवियर संस्था निघाली. दरम्यान, १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरखाते डॉ. आंबेडकरांकडे होते. सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांनी एका टेबलाभोवती बसण्याच्या त्रिपक्षीय परिषदांनी त्याच वर्षांत मूळ धरले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ह्या सर्वांवर शिक्का मारला. ज्या कारखान्यात पाचशे किंवा अधिक कामगार असतील, तेथे कामगार कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे त्याच्या ४९ व्या कलमाने ठरविले. हजारो सुशिक्षित तरुणांना एक नवा पेशा खुला झाला तो ह्या एका कलमाने.

परंतु कलमाने पद दिले, तरी त्या पदाचे दुखणे दूर झाले नाही. हा अधिकारी पगार घेतो मालकाचा आणि कल्याण पाहावयाचे कामगाराचे. कामगार म्हणतो, हा साहेबांचा माणूस. साहेब म्हणतात, हा कामगारांच्या फार आहारी गेला. म्हणूनच, कामगारांविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत ह्या अधिकाऱ्याने व्यवस्थापनाचा वकील होऊ नये, असे बंधन कित्येक राज्यांच्या नियमांत घालावे लागले. पण दोन्ही बाजूंचा रोष पत्करून दोन्ही बाजूंना खरे सांगणे ही ह्या पेशाची खरी कसोटी आहे. ती ज्यांना सोसवत नाही त्यांनी दुसरा पेशा पाहावा.

आपल्या घरातला अध्याय

येथवर आपण मोठ्या गिरण्यांची कथा पाहिली. परंतु ज्या कामाला गिरणीसारखे फाटकच नाही, तेथे काय? ह्या प्रश्नासाठी आपल्याला मुंबईस जावयाचे कारण नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलांत तेंदूपत्ता मुबलक; रेल्वे दाराशी; आणि रोवणी-कापणीचे दिवस सोडले तर हाताला काम नसलेली कुटुंबे गावोगाव. ह्या तिन्हींच्या मेळातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे बिडीचा धंदा वाढला. ह्या धंद्यातून पैसा उभा राहिला आणि त्यातला काही भाग शिक्षणाकडेही वळला. बिडी-उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली स्थापिलेली गोंदिया शिक्षण संस्था हे त्याचे उदाहरण सर्वांपुढे आहे.

बिडीचे काम कसे चालते ते येथे कोणाला सांगावयास नको. पाने भिजवावयाची, पत्रा ठेवून कात्रीने कापावयाची, तंबाखू भरून वळावयाची, दोरा बांधावयाचा आणि कट्टे लावावयाचे. मजुरी हजारावर. हे काम घरच्या ओसरीत होते, बहुतांशी बायकांच्या हातून. पाने-तंबाखू आणून देणारा आणि तयार बिड्या मोजून घेणारा तो सट्टेदार. मोजताना खराब म्हणून ज्या बाजूला काढावयाच्या, ती छाट. तिची मजुरी नाही. मुंबईच्या मुकादमाचाच हा भाऊ. फरक एवढाच की, मुकादमाच्या माणसाचे नाव निदान गिरणीच्या वहीत असे. सट्टेदाराच्या माणसाचे नाव कारखान्याच्या वहीत कोठेच नसे.

मग कायदा ह्या माणसाला कामगार मानतो की नाही? ह्या प्रश्नाने सर्वोच्च न्यायालयाला सुमारे पस्तीस वर्षे गुंतवून ठेविले. आपला भाग तेव्हा जुन्या मध्यप्रांतात होता. तेथील सरकारने १९४८ साली, शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून, त्या दिवसांत ठराविक गावांतून बिडी वळण्यास बंदी करण्याचा कायदा केला होता. सागर जिल्ह्यातून त्याला आव्हान दिले गेले आणि १९५० साली न्यायालयाने तो रद्द ठरविला. शेतीला हात हवेत हे खरे. पण त्यासाठी म्हाताऱ्या-आजारी माणसांसकट सर्वांचाच धंदा बंद करणे अवाजवी, असे न्यायालयाला दिसले.

त्यानंतर १९५८ साली, पुन्हा सागरच्याच एका कारखान्याच्या खटल्यात, सट्टेदार आणि त्यांची माणसे ही कारखान्याचे कामगार नव्हेत, सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार होत, असा निर्णय झाला. पुढे दोन-तीन वर्षांत नागपूरकडच्या एका प्रकरणात, कारखान्यात येऊन पण आपल्या सोयीच्या वेळी काम करणारे बिडीकामगार हे कामगारच होत आणि त्यांना भरपगारी रजा मिळाली पाहिजे, असे ठरले. लगेच महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात बहुमताने उलट निकाल लागला; एका न्यायमूर्तींनी तेथे मतभेद नोंदविला. एकच बिडी, एकच हात. पण कायद्याच्या दृष्टीने तो हात कधी कामगाराचा, कधी कोणाचाच नाही.

हा गुंता सोडविण्यासाठी संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला आणि घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. मालकांनी त्याला दिलेले आव्हान १९७४ साली न्यायालयाने फेटाळले. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. १९७७ साली भविष्यनिर्वाह निधी ह्या धंद्याला लागू झाला. त्यावरही वाद झाला, आणि १९८५ साली न्यायालयाने घरकामगारांच्या बाजूने कौल दिला. त्या निकालातला विचार फार मार्मिक आहे. तयार माल नापसंत करून परत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याची देखरेख त्या कामावर आहेच, असा तो विचार होय. म्हणजे ज्या छाटीने बाईची मजुरी कापली जाई, त्याच छाटीने ती कामगार असल्याचे सिद्ध केले!

ह्या सगळ्या लढ्यात मनुष्यबळ अधिकारी कोठे होता? तो नव्हताच. पाचशे माणसांच्या कारखान्यात अधिकारी नेमण्याची अट होती. पण पाच हजार माणसे पाचशे ओसऱ्यांत बसली असतील, तर कारखान्यात मोजावयास माणसेच नाहीत. जेथे हजेरीपट नाही तेथे त्याचा रखवालदारही नाही.

आजची संधी

मोठ्या कारखान्यांकडे पुन्हा वळू. १९७५ साली लार्सन अँड टुब्रो कंपनीने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक आणि टी. व्ही. राव ह्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने 'मनुष्यबळ विकास' असे स्वतंत्र खाते उघडले. माणसाला नुसते कामावर ठेवावयाचे नाही, त्याची कुवत वाढवावयाची, ही त्यामागील कल्पना. १९८५ साली केंद्र सरकारनेही शिक्षणखात्याला हेच नाव दिले. २०२० मध्ये ते बदलून पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले. १९९१ नंतर परदेशी भांडवल आले, पुण्या-मुंबईत संगणक कंपन्या वाढल्या. टाटा कन्सल्टन्सी ह्या एका कंपनीच्या नोकरांची संख्या २०२१ मध्ये पाच लाखांच्या पुढे गेली. एवढ्या माणसांची निवड, शिक्षण, पगार आणि बढती पाहावयास केवढे खाते लागत असेल, ह्याची कल्पना करता येईल.

म्हणून ज्यांना ह्या पेशात जावयाचे त्यांना काम मिळेल की नाही, ही चिंता आम्हांस तितकीशी वाटत नाही. नागपूरजवळ बुटीबोरीची वसाहत आहे. आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. रुग्णालये, शाळा, पतसंस्था, दुकानांच्या साखळ्या ह्या सर्वांना आता माणसांचा हिशेब ठेवणारा जाणकार माणूस लागतो. २०२० च्या संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी पाचशेचा जुना आकडा अडीचशेवर आणला. २०१९ आणि २०२० ह्या दोन वर्षांत संसदेने एकोणतीस जुने कामगार कायदे चार संहितांत एकत्र केले, त्यांत १९४८ चा आणि १९६६ चा हे दोन्ही कायदे सामावले गेले. नवा कायदा आला की तो समजावून सांगणाऱ्याला मागणी येते. शिक्षणासाठी मुंबईच्या संस्था आहेत. नागपुरात समाजकार्याची महाविद्यालये आहेत. व्यवस्थापनाची पदवी तर आता जवळपासही मिळते.

परंतु नुसती पदवी पुरणार नाही. आमच्या मते ह्या पेशाच्या उमेदवाराला तीन गोष्टी आल्या पाहिजेत. पहिली, मजुरीचा हिशेब: वेतनपत्रकातील प्रत्येक वजावट कशाची, हे त्याला चौथी शिकलेल्या माणसासही समजेल असे सांगता आले पाहिजे. दुसरी, कायदा: तो पाठ असून भागणार नाही, तो कोणत्या दुखण्यावर औषध म्हणून आला हे माहीत हवे. तिसरी, भाषा. इंग्रजीवाचून मोठ्या कंपनीत निभाव लागत नाही, हे उघड आहे. पण झाडीपट्टीची बोली, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंडी ज्याच्या कानावरून गेली आहे, त्याला जे ऐकू येईल ते दुसऱ्यास येणार नाही. मुकादमाचे सारे सामर्थ्य ह्याच गोष्टीत होते की, तो कामगाराची भाषा बोले. ते सामर्थ्य दस्तुरी न घेता वापरणे, एवढीच अपेक्षा नव्या अधिकाऱ्याकडून आहे.

ह्या पेशात धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. कायद्याने मान्यता असलेली संघटना एक आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्याच नेतृत्वावर, अशी तेथे स्थिती होती. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १८ जुलै २०१२ रोजी हरियाणात मानेसरच्या मोटार कारखान्यात दंगल उसळली आणि लागलेल्या आगीत मनुष्यबळ खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी मृत्यू पावले. हिंसेचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु खालचे बोलणे वर पोहोचेनासे झाले म्हणजे मधल्या माणसाची जागा सर्वांत धोक्याची होते, एवढे ह्यातून शिकावे.

पुन्हा तोच प्रश्न

आता शेवटची गोष्ट. आपल्या देशात काम करणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ माणसे असंघटित क्षेत्रात आहेत. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत तीस कोटींहून अधिक नावे आली. दुसरीकडे मोबाइलवरून जेवण आणि सामान पोहोचविणारी मुले शहराशहरांतून धावत आहेत. नीति आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा कामकऱ्यांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाण्याचा अंदाज आहे. ह्या मुलांना कंपनी नोकर म्हणत नाही, 'भागीदार' म्हणते. मजुरी खेपेवर, वेळ म्हणे आपल्या मर्जीची, आणि गिऱ्हाइकाने कमी तारे दिले की पुढचे काम कमी. बिडीच्या धंद्याशी परिचय असलेल्या श्रोत्यांना आम्ही विचारतो, हे कोठे पाहिल्यासारखे वाटते काय? हजारावरची मजुरी, ओसरीतली सवड आणि सट्टेदाराची छाट, सारे तेच आहे. सट्टेदाराच्या जागी यंत्र आले, इतकेच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामकऱ्याची व्याख्या प्रथमच कायद्यात आणली. पण व्याख्येपासून हक्कापर्यंतची वाट किती लांब असते, हे बिडीकामगारांच्या पस्तीस वर्षांनी दाखवून दिले आहे.

भरतीतही यंत्र आले आहे. हजारो अर्जांतून चाळीस नावे आता संगणक निवडतो. तो दस्तुरी घेत नाही, हे खरे. पण पूर्वी ज्या कॉलेजांतली, ज्या शहरांतली माणसे घेतली, तशीच पुन्हा निवडावी असे त्याला शिकविले असेल, तर मुर्रीच्या मुलीचा अर्ज तो न वाचताच बाजूला सारील. विणाई खात्याचे दार जसे एके काळी बंद होते, तसेच हेही दार नकळत बंद होऊ शकते. ते बंद आहे की उघडे, हे तपासावयास माणूसच लागतो.

ह्या पेशाला भवितव्य आहे काय, असे जे आईबाप विचारतात त्यांना आमचे उत्तर आहे की, आहे. आणि पुष्कळ आहे. ज्यांची नावे वहीत आहेत त्यांचा हिशेब ठेवण्याचे काम आता संगणक दिवसेंदिवस अधिक करू लागेल आणि त्या कामाच्या नोकऱ्या कमी होत जातील. ज्यांची नावे अजून वहीत आलीच नाहीत, त्यांची ती आणण्याचे काम मात्र अजून पुष्कळ शिल्लक आहे. ठेकेदाराच्या हाताखाली तिरोड्याला जाणारा मजूर, धानगिरणीतली हमाली करणारा, बिडी वळणारी बाई, सामान पोहोचविणारा पोरगा ह्यांची गाठ अद्याप कोणा मनुष्यबळ अधिकाऱ्याशी पडलेली नाही. आपल्या गावातली जी मुले-मुली ह्या पेशात जातील, त्यांनी पगाराचा आकडा जरूर पाहावा. संसार त्यावरच चालतो. पण कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात तेथला हजेरीपट मागून घ्यावा, त्यातली नावे मोजावीत, मग आवारात प्रत्यक्ष काम करणारी माणसे मोजावीत. दोन आकड्यांत जे अंतर पडेल, तेथून त्यांचे काम सुरू होते.